चिटावरील फुलांचा जमाखर्च

"काका, फुले फार सुंदर आहेत, पण सन चुकला आहे."

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या इंग्लंडमध्ये एका नाट्यसंस्थेच्या वेशभूषा विभागात काम करते. एका नाटकासाठी तिला सन १७८०च्या सुमारास लंडनमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीचा झगा शिवावयाचा होता. कापड सुती, पांढऱ्या जमिनीचे आणि फुलांच्या छपाईचे हवे होते. "आपल्याकडे मिळेल ना?" असे तिने विचारले, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने होकार दिला. आमचे घराणे तीन पिढ्या कापडाच्या व्यापारात होते. मी स्वतः बँकेत गेलो ही गोष्ट निराळी; पण गादीवर बसून थान उलगडणारे वडील पाहतच मी मोठा झालो होतो.

मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमध्ये एक संपूर्ण दुपार घालवून मी अकरा कापडांची छायाचित्रे तिला धाडली. तिने अकराही नाकारली. एकातील गुलाब इतका भरगच्च व छायाप्रकाशाने उठाव दिलेला होता, की तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ठरला. दुसऱ्यातील जांभळा रंग तसा भडक असणेच शक्य नव्हते; कारण तसा पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १८५६ साली लागला. तिसऱ्यातील बारीक फुले यंत्राच्या रुळाने छापल्यासारखी होती. अशी एकेक त्रुटी दाखवून तिने वरील वाक्य उच्चारले.

धनादेशावरील तारीख आणि स्वाक्षरी तपासण्यात ज्याचे ३८ वर्षांचे आयुष्य गेले, त्याला हे वाक्य स्वस्थ बसू देईना. कापडावरील फुलालाही तारीख असते, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळत होते. त्यानंतरच्या काही महिन्यांत मी जे वाचले व समजून घेतले, त्याचा गोषवारा आपल्या व्यापारी कुटुंबांतील वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

चीट : एक शब्द, अनेक देश

आपल्या आजीच्या बोलण्यात 'चिटाचे कापड' हा शब्द सहज येत असे. हिंदीत 'छींट', गुजरातीत 'छीट'. याच शब्दाचे अनेकवचन इंग्रजांच्या तोंडी 'चिंट्झ' झाले आणि डचांच्या तोंडी 'सिट्स'. आपला 'पलंगपोस' तिकडे जाऊन 'पॅलमपोर' झाला. सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या प्रसिद्ध रोजनिशीत सप्टेंबर १६६३मध्ये पत्नीच्या खोलीच्या भिंतींसाठी असे हिंदुस्थानी चीट घेतल्याची नोंद केली आहे. प्रथम भिंती व पलंग, मग घरात घालावयाचे अंगरखे आणि शेवटी बाहेर मिरवावयाचे झगे, अशा क्रमाने आपली फुले युरोपच्या अंगावर चढली.

त्या काळी युरोपात रंगीत कापड नव्हते असे नाही. रेशीम होते, लोकर होती. परंतु सुती कापडावर धुतल्यानंतरही टिकणारा, उलट अधिक खुलणारा बहुरंगी नमुना काढण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. ती होती कोरोमंडल किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणसारख्या ठिकाणच्या कारागिरांकडे.

ही विद्या म्हणजे नुसती चित्रकला नव्हती. कापड वारंवार धुऊन, उन्हात वाळवून ते हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवीत. दुधातील स्निग्धांशामुळे पुढे लावलेला द्राव पसरत नसे. ज्या रेषा काळ्या हव्यात तेथे लोखंड व गूळ आंबवून केलेला द्राव कलमाने भरीत. जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटीचे पाणी. गंमत अशी, की तुरटीच्या पाण्याला स्वतःचा रंग नसतो. मग ते कापड चायमुळाच्या काढ्यात उकळले, की जेथे तुरटी तेथेच लाली उमटे आणि उरलेल्या कापडावरचा डाग धुऊन निघे. निळ्यासाठी सारे कापड मेणाने झाकून केवळ हवी ती जागा उघडी ठेवीत आणि ते निळीच्या पिंपात बुडवीत. हिरवा रंग एका घाण्यात होत नसे. निळ्यावर शेवटी पिवळा हात फिरवावा लागे.

हा पिवळाच काय तो कच्चा. म्हणून आज संग्रहालयांतील तीनशे वर्षांपूर्वीच्या चिटांवर फुले तांबडीलाल आणि पाने मात्र निळी दिसतात. माझ्या पुतणीने सांगितले, की जुन्या नमुन्यावरून झगा शिवणाऱ्यांपुढे येथे एक खरा प्रश्न उभा राहतो. आज दिसतात तशी पाने निळी ठेवावीत, की त्या दिवशी होती तशी हिरवी करावीत? तिचे उत्तर होते : हिरवी. रंगमंचावरील स्त्रीच्या दृष्टीने झगा नवा आहे. तीनशे वर्षे आपल्या लेखी गेली, तिच्या लेखी नाही.

गिऱ्हाइकाचे पत्र

या चिटांवरील फुले कोणत्या बागेतली, असा प्रश्न मी तिला विचारला होता. एकाच फांदीवर डाळिंब, कमळ आणि गुलाबासारखे काहीतरी फुललेले. देठ नागमोडी, पाने फुलांहून मोठी. उत्तर व्यापाऱ्याला पटण्यासारखे आहे : ही फुले मागणीपत्रांत वाढली.

सन १६४३मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी सुरतेच्या वखारीला एक पत्र लिहिले. येथून जाणाऱ्या चितारी रजयांची जमीन बहुधा गडद तांबडी असे. ती तेथील सर्व गिऱ्हाइकांना रुचत नव्हती. यापुढे जमीन अधिक पांढरी असावी आणि फुले व फांद्या रंगीत असाव्यात, असा त्या पत्राचा आशय होता. त्या काळी सुरतेत वीरजी वोरा हे जैन श्रेष्ठी इंग्रजांच्या वखारीला कर्ज देणारे मोठे सावकार होते. त्या व्यवहारांच्या जगात हे पत्र पोहोचले. पुढे तिकडून नमुनेही येऊ लागले. आपल्या कारागिराने ते पाहिले आणि आपल्या हाताच्या वळणाने उतरविले. इराणी बाग, चिनी खडक, युरोपी वेलबुट्टी आणि आपले कलम यांच्या मिश्रणातून ते 'जीवनवृक्षा'चे पलंगपोस जन्मास आले. पांढऱ्या जमिनीवरील रंगीत फूल, जे आज आपण इंग्रजी थाटाचे समजतो, ते असे गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्या देवघेवीतून निर्माण झाले.

फुलांवर बंदी

माल इतका खपू लागला, की तेथील विणकरांचा धंदा बसला. फ्रान्सने १६८६ साली हिंदुस्थानी छापील कापडावर आणि त्याच्या अनुकरणावरही बंदी घातली. ती १७५९पर्यंत टिकली. इंग्लंडने १७००च्या कायद्याने रंगविलेले व छापलेले हिंदी सुती कापड देशात वापरण्यासाठी आणण्यास मनाई केली. तेव्हा व्यापाऱ्यांनी कोरे कापड आणून लंडनमध्येच छापण्यास आरंभ केला. १७१९च्या उन्हाळ्यात स्पिटलफील्ड्स भागातील संतप्त रेशीम विणकर रस्त्यावर उतरले आणि चिटाचा झगा घातलेल्या स्त्रियांच्या अंगावरील कपडे फाडू लागले. १७२१मध्ये दुसरा कायदा झाला आणि छापील सुती कापड नेसणे हाच अपराध ठरला. स्पर्धेचा राग स्त्रीच्या वस्त्रावर काढावा, ही गोष्ट कोणत्याही शतकात लाजिरवाणीच.

ही बंदी इंग्लंडमध्ये १७७४ साली उठली, तीही तेथे तयार झालेल्या कापडापुरती. त्या कायद्यातील एक अट वाचून मला माझ्या बँकेच्या काउंटरवर बसल्यासारखे वाटले. छपाईसाठी देशात विणलेल्या शुद्ध सुती कापडाच्या किनारीत तीन निळे धागे विणणे बंधनकारक होते. नोटेतील सुरक्षा धागाच जणू! ही अट १८११पर्यंत होती. त्यामुळे एखाद्या जुन्या झग्याच्या शिवणीत किनार सापडली आणि तीत तीन निळे धागे दिसले, तर ते कापड १७७४ ते १८११ या काळातील इंग्रजी विणीचे, असे अभ्यासक मानतात.

विद्या कागदावर उतरली

बंदीच्या काळात युरोप स्वस्थ बसला नव्हता. बोलिय नावाच्या एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १७३४च्या सुमारास पाँडिचेरी येथे कारागिरांसमोर बसून चिटाची कृती टिपून घेतली आणि प्रत्येक टप्प्यावर कापडाचा एकेक तुकडा कापून त्या टिपणाला जोडला. ते तुकडे आजही पॅरिसमध्ये जतन केलेले आहेत. १७४२मध्ये कर्दू या जेझुइट पाद्र्याने आपल्या प्रभावाखालील रंगाऱ्यांकडून मिळविलेली माहिती पत्राने मायदेशी कळविली आणि ती छापली गेली. फ्रान्समधील बंदी उठताच १७६०मध्ये ओबरकांफ याने व्हर्सायजवळील जूई या गावी छपाईचा कारखाना काढला. आज 'जूईचे कापड' म्हटले, की एकरंगी देखाव्यांची छपाई आठवते. परंतु त्या कारखान्याचा बराचसा माल ठशांनी छापलेल्या फुलांचाच होता.

दुसरीकडे आयर्लंडमध्ये १७५२च्या सुमारास तांब्याच्या कोरीव पत्र्याने छपाई साधली आणि १७८३मध्ये टॉमस बेल याने रुळाच्या छपाईचे एकस्व घेतले. आपली बाजारपेठ केवळ कोणी कृती लिहून नेली म्हणून गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कायदा, यंत्र आणि राज्यसत्ता ही कारणे त्याहून मोठी होती. तरीही एक गोष्ट मनाला लागते. कृती आपल्या कारागिराच्या हातात होती. तिचा कागद मात्र दुसऱ्याच्या कपाटात तयार झाला.

फुलावरून सन कसा ओळखावा

आता मूळ प्रश्न. जुन्या काळाचा झगा शिवणाऱ्याने फूल कसे निवडावे? पुतणीने मला दिलेले धडे थोडक्यात असे आहेत.

पहिली कसोटी आकाराची. अठराव्या शतकाच्या आरंभी रेशमावरील आकृती मोठ्या, विचित्र आणि निसर्गात न आढळणाऱ्या असत. १७४०च्या दशकात लंडनच्या रेशमावर खरीखुरी, ओळखू येणारी फुले पांढऱ्या जमिनीवर मोकळेपणाने विखुरलेली दिसू लागली. त्यात ॲना मरिया गार्थवेट या स्त्रीचा वाटा मोठा होता. एका पाद्र्याची ही कन्या स्पिटलफील्ड्समध्ये राहून विणकरांसाठी संकल्पचित्रे काढी आणि त्यांवर तारीख व विणकराचे नाव लिहून ठेवी. तिची शेकडो चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तिने १७४३मध्ये काढलेल्या एका नमुन्याचे रेशीम १७४६मध्ये अमेरिकेत रंगविलेल्या एका फिलाडेल्फियावासी महिलेच्या तैलचित्रात ओळखता आले आहे. चित्रावर सन, संकल्पचित्रावरही सन : दोन्ही खाती जुळली. पुढे १७७०-८०च्या सुमारास फुले लहान होत गेली. बारीक डहाळ्या आणि उभे पट्टे लोकप्रिय झाले.

दुसरी कसोटी रंगाची. मंजिष्ठेच्या जातीच्या मॅडर या मुळापासून तुरटीने तांबडा व गुलाबी, लोखंडाने जांभळट व काळा आणि दोहोंच्या मिश्रणाने तपकिरी, एवढे रंग मिळत. निळ्या रंगासाठी नीळ हरताळ घालून विरघळवीत आणि कुंचल्याने हातानेच भरीत. हे काम बहुधा स्त्रिया व मुले करीत. त्यामुळे निळा रंग रेषेबाहेर गेलेला असतो. हिरवा म्हणजे येथेही निळा अधिक पिवळा, आणि दोहोंची कड सहसा जुळत नाही. अगदी रेखीव, एकसारखा हिरवा दिसला, की समजावे, सन पुढचा आहे.

तिसरी कसोटी पुनरावृत्तीची आणि पन्ह्याची. लाकडी ठसा जेवढा, तेवढ्या अंतराने फूल परत येते आणि दोन ठशांच्या सांध्यात केसाएवढा फरक राहतो. तो फरक म्हणजे दोष नव्हे, ती कारागिराची स्वाक्षरी. त्या काळचे रेशीम जेमतेम १९ ते २१ इंच पन्ह्याचे असे. म्हणून झग्याच्या घेराला अनेक पाट जोडावे लागत. आजच्या ४४ इंची कापडातून एकाच पाटात घेर काढला, तर फुले बरोबर असूनही झगा खोटा दिसतो.

हिशेबाच्या वहीतील तुकडे

या साऱ्याचा आधार काय, असे मी विचारले, तेव्हा तिने दोन संग्रहांची नावे सांगितली. दोन्हींनी माझी झोप उडविली.

पहिला बार्बरा जॉन्सन या इंग्रज स्त्रीचा. हीसुद्धा पाद्र्याचीच कन्या. लहानपणी, १७४६ साली, तिने एका जुन्या हिशेबाच्या वहीत आपल्या झग्यांच्या कापडाचे तुकडे लावण्यास आरंभ केला आणि १८२३पर्यंत, म्हणजे सुमारे ७७ वर्षे, तो नेम चालविला. प्रत्येक तुकड्याशेजारी कापडाचे नाव, किती वार, पन्हा किती, दर काय आणि कोणत्या महिन्यात घेतले, याची नोंद. लंडनच्या त्याच संग्रहालयात ही वही आहे. एका सामान्य गृहिणीसारख्या स्त्रीने नेटका जमाखर्च लिहिला आणि तो पाऊणशे वर्षांच्या फॅशनचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज ठरला.

दुसरा संग्रह करुण आहे. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमात १७४१पासून दारिद्र्याने गांजलेल्या माता आपली तान्ही मुले सोडून जात. पुढेमागे ओळख पटावी म्हणून मुलाच्या कपड्याचा तुकडा नोंदणीच्या कागदाला टाचण्यात येई. असे सुमारे ५,००० तुकडे आजवर टिकून आहेत. राजघराण्यांची रेशमे सर्वत्र जपली गेली. गरीब स्त्रीच्या अंगावरचे फुलांचे कापड मात्र मुख्यतः या कागदांतच उरले आहे. १७६७मध्ये साराह बेंडर नावाच्या मातेने छापील तुकडे जोडून केलेल्या एका पट्टीवर हृदयाची आकृती भरली, पट्टी मधोमध कापली, अर्धी मुलाबरोबर ठेवली आणि अर्धी स्वतः नेली. आठ वर्षांनी, १७७५मध्ये, ती आपला अर्धा भाग घेऊन आली आणि मुलाला परत घेऊन गेली. बहुसंख्य तुकडे मात्र आजही कागदाला टाचलेलेच आहेत. त्यांचा दुसरा भाग घेऊन कोणी आले नाही.

आमच्या घरातील वही

हे ऐकत असताना मला आमच्या दुकानातील एक वही आठवत होती. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, लांबट. आजोबांनी सुरू केलेली आणि वडिलांनी चालविलेली. तीत प्रत्येक हंगामात आलेल्या चिटांचे, खणांचे व लुगड्यांच्या कापडाचे बोटभर तुकडे खळीने चिकटविलेले असत. खाली मोडीत गिरणीचे किंवा गावाचे नाव, भाव आणि तिथी. १९८४मध्ये दुकान आवरले तेव्हा वडिलांनी मला विचारले होते, "हिचे काय करायचे?" मी नुकताच अधिकारी झालो होतो. येणे-देणे निरंक झाल्यावर जुन्या वह्यांचे काय काम, असे मी शहाणपणाने सांगितले. ती वही रद्दीत गेली. वडील काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे मला त्याचे काही वाटले नव्हते, आता वाटते.

आपल्या समाजाला जपणुकीचे महत्त्व कोणी शिकवावे असे नाही. आपल्या भांडारांनी पोथ्या शतकानुशतके जपल्या. चौदाव्या-पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांमधील व्यक्तींच्या वस्त्रांवर जी फुले व हंस दिसतात, तशाच आकृती इजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेल्या गुजराती छापील कापडांवर आढळल्या आणि त्या चिंध्यांचा काळ ठरविण्यास पोथ्यांचा उपयोग झाला. अहमदाबादेत साराभाई कुटुंबाने १९४९मध्ये उभारलेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय तर जगात नावाजलेले आहे. पोथी जपणाऱ्या घरांनी दुकानाची नमुनावही मात्र रद्दीच्या तराजूत घालावी, हे बरे नव्हे.

पुतणीच्या झग्याचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. एका जुन्या स्नेह्यांच्या मध्यस्थीने मच्छलीपट्टणजवळील पेडणा येथून मी कापड मागविले. तेथे आजही लाकडी ठशांनी, हिरडा व तुरटी वापरून छपाई होते. पांढरी जमीन, तांबड्या बारीक डहाळ्या, सांध्यात केसाएवढा फरक. पन्हा ४४ इंच, लांबी ९ मीटर. तिने ते उभे कापून अरुंद पाट जोडले आणि झगा शिवला. ज्या किनाऱ्याच्या फुलांची नक्कल करून १७८०मधील लंडन नटले, त्याच किनाऱ्याची फुले या वेळी रंगमंचावर गेली.

कापड रवाना करण्यापूर्वी मी एका टोकाचा बोटभर तुकडा कापून घेतला. बाजारातून लाल पुठ्ठ्याची नवी वही आणली, पहिल्या पानावर तो चिकटविला आणि खाली लिहिले : गाव, पन्हा, लांबी, दर, तिथी.

आपल्या माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा बंद दुकानाच्या कपाटात अशी एखादी वही असेल, तर ती निरंक समजू नका. तिचे खाते अजून चालू आहे.